वाळवंटातला दगड उचलण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या वाळवंटात सुटीच्या दिवशी अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले उल्कापाषाण, आणि रत्नखडे शोधत हिंडणाऱ्या हौशी मंडळींविषयी गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर अमेरिकेतून, आखातातून आणि महाराष्ट्रातून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेकांनी ‘काय सापडेल, कोठे सापडेल आणि त्याची किंमत किती’ असे विचारले आहे. सापडलेल्या वस्तूची नोंद कशी ठेवावी, हे मात्र एकाच पत्रात विचारलेले आहे. माझ्या दृष्टीने या छंदाचा गाभा त्या प्रश्नात आहे, म्हणून त्याचे उत्तर सर्वांत सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नुकतेच फिनिक्सजवळ राहायला आलो आहोत. शहर संपले की मैलोन्‌मैल उघडे रान दिसते, कुंपण नाही, वस्ती नाही. तेथे जाऊन आवडलेले दगड उचलले तर कोणाची हरकत असते का? (चँडलर, अ‍ॅरिझोना)

उत्तर : कुंपण नसले तरी त्या रानाला मालक असतो, आणि तो कोण आहे हे घर सोडण्यापूर्वी नकाशावर पाहून घेणे हे या छंदातले पहिले काम आहे. अ‍ॅरिझोनात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळे मालक असू शकतात : केंद्र सरकार, राज्य सरकारचा भूमी-न्यास, मूळ रहिवासी जमातींची राखीव क्षेत्रे, खासगी मालक. हौशी माणसाला सर्वाधिक मोकळीक मिळते ती ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या केंद्रीय खात्याच्या सार्वजनिक जमिनीवर. स्वतःच्या संग्रहासाठी, विकण्याच्या हेतूशिवाय, साध्या हत्यारांनी थोडेफार खडे आणि खनिजे तेथे परवान्याविना गोळा करता येतात. अश्मीभूत लाकडासाठी दिवसाला २५ पौंड आणि वर आणखी एक तुकडा, तसेच वर्षाला एकूण २५० पौंड अशी मर्यादा आहे. अशनींसाठी याच खात्याने २०१२ साली स्वतंत्र नियम केला. त्यानुसार माणशी वर्षाला १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, इतके अशनी जमिनीच्या पृष्ठभागावरून स्वतःसाठी उचलता येतात. विक्रीसाठी किंवा संशोधनासाठी गोळा करायचे असल्यास परवाना घ्यावा लागतो.

तथापि अशा सार्वजनिक जमिनीवरही कोणी खाणीचा दावा नोंदवलेला असेल, तर तेथील खनिजांवर त्या दावेदाराचा हक्क असतो. जमिनीत ठोकलेले खुंट आणि दगडांचे रचलेले ढीग ही त्याची खूण, परंतु खुंट पडून गेलेले असू शकतात, म्हणून खात्याच्या नोंदी पाहिलेल्या बऱ्या. राष्ट्रीय उद्यानांत एक खडाही उचलता येत नाही. पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात पायाखाली अश्मीभूत लाकडाचे रंगीत तुकडे विखुरलेले असतात. ते तेथेच राहू द्यावेत. राज्य-न्यासाच्या जमिनीसाठी वेगळी परवानगी लागते, आणि राखीव क्षेत्रात जमातीच्या परवानगीवाचून पाऊलही टाकू नये.

अशनी सापडला की तो सापडणाऱ्याचा, अशी समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथे १८९० साली अशनी पडला. त्यावरून झालेल्या वादात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली, जमिनीवर पडलेला अशनी हा जमीनमालकाचा, असा निर्णय दिला. कॅलिफोर्नियातील ओल्ड वुमन पर्वतात १९७०च्या दशकात खनिजे शोधणाऱ्या काही जणांना २,७५३ किलो वजनाचा लोह-अशनी सापडला; परंतु जमीन केंद्र सरकारची असल्याने तो सरकारचाच ठरला. त्याचा मुख्य भाग आज बारस्टो या गावी लोकांना पाहता येतो. तेव्हा आधी जमीन, मग दगड, हा क्रम आपण दोघांनी सुरुवातीपासूनच पाळावा.

प्रश्न : न्यू मेक्सिकोच्या सहलीत मुलाला मुठीएवढा, काळाकुट्ट आणि आकाराच्या मानाने फार जड असा दगड मिळाला. लोहचुंबक त्याला घट्ट चिकटते. हा अशनीच असेल ना? सोबत छायाचित्र पाठवले आहे. (ह्यूस्टन)

उत्तर : छायाचित्रावरून ठाम निर्णय देणे योग्य नाही, तरीही आपण वर्णन केलेला दगड मॅग्नेटाइट असण्याची शक्यता अधिक आहे. काळेपणा, जडपणा आणि चुंबकाची ओढ हे तीनही गुण त्या साध्या लोहखनिजात आहेत. अशनी म्हणून दाखवायला आणलेल्या दगडांत मॅग्नेटाइट, हेमेटाइट, भट्टीतून निघालेली धातूची मळी आणि बेसाल्ट यांचाच भरणा असतो.

काही चाचण्या घरच्या घरी करता येतात. बिनचकाकीच्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर, किंवा फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर, दगड जोर देऊन ओढावा. तांबूस रेघ उठली तर हेमेटाइट आणि दाट काळी उठली तर मॅग्नेटाइट समजावे. अशनीची रेघ सहसा उठत नाही किंवा अगदी फिकट उठते. दगडाच्या अंगावर वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे असतील तर तो शिलारसाचा किंवा मळीचा तुकडा आहे. पांढरे, काचेसारखे गारेचे कण दिसले तरी तो पृथ्वीवरचाच दगड समजावा. याउलट ताज्या अशनीवर सुमारे एक मिलिमीटर जाडीचे काळे, वितळून गोठलेले कवच असते आणि काहींवर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे दिसतात. वाळवंटात हजारो वर्षे पडून राहिलेल्या अशनीचे हे कवच झिजून तपकिरी झालेले असते, त्यामुळे काळा रंगच शोधत राहणाऱ्याच्या हातून तो हमखास सुटतो.

यानंतरची परीक्षा कानशीची. दगडाच्या एका कोपऱ्यावर बारीक कानशीने नखाएवढी जागा घासून सपाट करावी, मग पाण्याबरोबर वापरण्याच्या पॉलिश कागदाने ती गुळगुळीत करावी आणि पुसून कोरडी करावी. दुपारच्या उन्हात ती खिडकी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरून दगड हळूहळू फिरवावा. करड्या-तपकिरी पार्श्वभूमीवर रुपेरी धातूचे वेडेवाकडे ठिपके एका विशिष्ट कोनात एकदम चमकून उठले आणि दगड किंचित फिरवताच मावळले, तर ते लोह-निकेलचे कण असण्याचा चांगला संभव आहे. त्यांच्याजवळ एक-दोन मिलिमीटरहून लहान असे गोल दाणेही दिसले, तर आपल्या मुलाच्या हातात कॉन्ड्राइट प्रकारचा अशनी आहे असे मानून पुढच्या तपासाला लागावे. असे दाणे पृथ्वीवरच्या खडकांत तयार होत नाहीत. सूर्यमालेच्या आरंभी, सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी, अवकाशात तरंगणारे वितळलेले थेंब गोठून ते बनले आहेत. मॅग्नेटाइट कितीही घासले तरी त्यात धातूचे असे सुटे ठिपके दिसणार नाहीत.

चुंबकाविषयी एक विनंती. आजकाल सगळीकडे मिळणारे निओडिमियमचे शक्तिशाली चुंबक अशनीला लावले, तर त्यात गोठून राहिलेला प्राचीन चुंबकीय क्षेत्राचा ठसा पुसला जातो. मंगळावरून आलेल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या प्रसिद्ध अशनीच्या अनेक तुकड्यांचे असे नुकसान झालेले संशोधकांना आढळले आहे. दगड खरोखर आशादायक वाटत असेल तर तो होकायंत्राच्या सुईजवळ न्यावा. सुई हलते की नाही एवढे कळले तरी पहिल्या तपासाला ते पुरते.

प्रश्न : नोकरीनिमित्त मस्कतला असतो. येथील वाळवंटात चंद्रावरचे आणि मंगळावरचे दगड सापडले आहेत असे ऐकतो. शुक्रवारी मित्रांसह गाडी घेऊन शोधायला जावे का? (मस्कत)

उत्तर : ऐकले ते खरे आहे. ओमानच्या मध्यभागातील फिकट चुनखडीची सपाट मैदाने अशनींसाठी जगातल्या उत्तम जागांपैकी आहेत. सैह अल उहैमिर या भागात मंगळावरचे अशनी सापडले आहेत, आणि २००२ साली तेथेच चंद्रावरचा २०६ ग्रॅमचा एक मोलाचा दगड मिळाला. ओमानी अधिकारी आणि स्विस संशोधक यांची संयुक्त शोधमोहीम २००१ पासून या मैदानांवर काम करीत आली आहे. परंतु परवानगीवाचून अशनी गोळा करणे आणि देशाबाहेर नेणे ओमानमध्ये बेकायदेशीर आहे, आणि त्यापायी परदेशी नागरिकांना अटक होऊन तुरुंगवास भोगावा लागलेला आहे. आपण तेथे निवास-परवान्यावर आहात. वाळवंट पाहायला अवश्य जा, संशयास्पद दगड दिसला तर त्याचे छायाचित्र आणि जीपीएसवरील स्थान टिपून घ्या, दगड जागेवर ठेवा आणि माहिती संबंधित सरकारी खात्याला कळवा. संशोधकाला ती माहितीही उपयोगी पडते.

प्रश्न : राजस्थानच्या थर वाळवंटातही अशनी सापडायला हवेत. डिसेंबरात जैसलमेरला जात आहोत. कोठे शोधावे? (पुणे)

उत्तर : वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात, पण अशनी शोधायला त्या सर्वांत वाईट जागा, कारण सरकत्या वाळूत पडलेला दगड पुरला जातो. शोधण्यासारखी जमीन म्हणजे वाऱ्याने बारीक माती उडवून नेलेली, हजारो वर्षे फारशी न हललेली, फिकट रंगाची कठीण मैदाने आणि कोरड्या तळ्यांचे तळ. ओलावा कमी असल्याने दगडातले लोखंड गंजायला तेथे फार काळ लागतो, आणि हजारो वर्षांत पडलेले अशनी एकाच पृष्ठभागावर साठत जातात.

भारतात अशनी खासगी संग्रहात ठेवण्याऐवजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे सुपूर्द करायचे असतात आणि त्यांचा राष्ट्रीय संग्रह कोलकात्याला आहे. राजस्थानात पडलेल्या अशनींच्या चांगल्या नोंदी आहेत; ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळच्या मुकुंदपुरा येथे पडलेला कार्बनयुक्त अशनी त्यांपैकी अतिशय महत्त्वाचा आहे. जैसलमेरला गेल्यावर जवळचे अकल येथील अश्मीभूत लाकडाचे उद्यान जरूर पाहावे. जुरासिक काळातील झाडांची दगड झालेली खोडे तेथे उघड्यावर पडलेली आहेत; ती केवळ पाहण्यासाठी आहेत.

याच पत्रात लोणारच्या सरोवराकाठी अशनीचे तुकडे मिळतात का, असेही विचारले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर ज्या अशनीने निर्माण केले, तो आघाताच्या प्रचंड उष्णतेने जवळजवळ नाहीसा झाला. तेथे सापडते ती आघाताने वितळलेल्या बेसाल्टची काच. तो परिसर संरक्षित असल्याने तीही उचलायची नाही.

प्रश्न : अ‍ॅरिझोनात हौशी माणसाला खरी रत्ने मिळतात का? सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत, हिवाळ्यात आमच्याकडे येणार आहेत. त्यांना झेपेल असे ठिकाण सुचवावे. (टूसॉन)

उत्तर : त्यांना सॅफर्ड गावाच्या ईशान्येस असलेल्या ब्लॅक हिल्स या ठिकाणी न्यावे. सार्वजनिक जमिनीचा हा तुकडा दगड वेचणाऱ्या हौशी लोकांसाठीच राखून ठेवलेला आहे आणि तेथे ‘फायर अ‍ॅगेट’ नावाचा अकीक मिळतो. जमिनीवर तो तपकिरी, ओबडधोबड, द्राक्षांच्या घडासारख्या उंचवट्यांचा खडा दिसतो आणि नवखा माणूस त्यावर पाय देऊन पुढे जातो. त्याच्या आत अकीकाचे आणि लोहखनिजाचे अतिशय पातळ थर एकाआड एक साचलेले असतात. त्या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून हिरवे, केशरी, तांबडे रंग उमटतात. खडा ओला करून सकाळच्या तिरप्या उन्हात धरावा. उंचवट्याच्या टोकाशी ठिणगीएवढा जरी हिरवा-तांबडा रंग दिसला तरी तो पिशवीत टाकावा. घासणारा कारागीर सपाट पैलू पाडत बसत नाही. तो थराच्या वळणावळणाने वरचे तपकिरी आवरण काढत जातो, कारण रंगाचा थर एकदा कापला गेला की परत मिळत नाही. हे काम शिकण्यात सासऱ्यांचा सगळा हिवाळा आनंदात जाईल.

राज्याचे मानाचे रत्न पिरोजा. तांब्याच्या खाणींच्या परिसरात, तांबे विरघळलेले पाणी कोरड्या प्रदेशातील खडकांतून झिरपताना तो तयार होतो, पण त्याच्या चांगल्या जागा बहुतेक खाण-कंपन्यांच्या ताब्यात आहेत. हिरवा पेरिडॉट सॅन कार्लोस अपाची जमातीच्या राखीव क्षेत्रातील बेसाल्टमध्ये मिळतो. तो काढण्याचा अधिकार केवळ जमातीच्या लोकांना आहे, म्हणून तो त्यांच्याकडूनच विकत घ्यावा. पेरिडॉट हे ज्या ऑलिव्हिन खनिजाचे रत्नरूप आहे, तेच खनिज पॅलासाइट जातीच्या अशनींत लोह-निकेलच्या जाळीत बसलेले आढळते. पृथ्वीच्या पोटातला आणि लघुग्रहाच्या पोटातला हिरवा स्फटिक एकाच टेबलावर शेजारी शेजारी पाहायचा असेल, तर फेब्रुवारीत टूसॉनच्या खनिज-प्रदर्शनाला जावे. वाघोलीचा निळा कॅव्हान्साइट आणि जळगाव-नाशिककडचे झिओलाइट व अपोफिलाइट तेथे मानाने मांडलेले पाहून सासऱ्यांना विशेष बरे वाटेल.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना नेले तर चालेल का? (डॅलस)

उत्तर : नाही. जून ते सप्टेंबर या काळात पारा सहज ४० अंशांवर जातो, आणि मान्सूनच्या सरींनी कोरड्या ओढ्यांना काही मिनिटांत लोंढा येतो, मग वर आकाश निरभ्र का असेना. ऑक्टोबर ते मार्च हा काळ योग्य आहे. माणशी चार-पाच लिटर पाणी गाडीत असावे, कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार हे घरी सांगून जावे, हात न दिसणाऱ्या कपारीत घालू नये आणि जुन्या सोडून दिलेल्या खाणींच्या तोंडाशी मुलांना फिरकूही देऊ नये. चोया निवडुंगाचे काटे हाताने उपटू जाऊ नयेत. एक साधा कंगवा जवळ ठेवून त्याने ते उचलून काढावेत.

प्रश्न : गोल्ड बेसिन भागात मिळालेले काही तुकडे माझ्याकडे आहेत. त्यांची नोंद कशी करावी आणि त्यांना शास्त्रीय मान्यता कशी मिळते? (लास व्हेगास)

उत्तर : आपण गोल्ड बेसिनचा उल्लेख केला हे फार चांगले झाले, कारण नोंद ठेवल्याने काय साधते याचे ते उत्तम उदाहरण आहे. १९९५ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातील अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक जिम क्रीग हे मोहावी परगण्यातील या भागात धातुशोधक यंत्राने सोने शोधत होते. यंत्राने सोन्याऐवजी तपकिरी दगड दाखवले. इतर अनेकांनी ते ‘गरम दगड’, म्हणजे धातू नसताना यंत्राला फसवणारे लोहयुक्त दगड, म्हणून भिरकावून दिले असते. क्रीग यांनी ते विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवले, ते अशनी असल्याचे सिद्ध झाले, आणि त्यानंतर प्रत्येक तुकडा कोठे मिळाला हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोरपणे टिपून ठेवले. त्या हजारो टिपणांतून सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या एका मोठ्या अशनीच्या वर्षावाचा नकाशा उभा राहिला. एका सुट्या तुकड्यातून हे कधीच कळले नसते. त्या भागाच्या उत्तरेला लेक मीड राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राची हद्द लागते आणि तेथे उचलण्यास मनाई आहे, हे आपल्या लक्षात असेलच.

आपण करायचे ते असे. दगड हलवण्यापूर्वी त्याचे जागेवरच छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे. जीपीएसवरील अक्षांश-रेखांश, दिनांक, जमिनीचे स्वरूप आणि दगड किती पुरलेला होता हे त्याच वेळी वहीत लिहावे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत हमखास गफलत होते. उघड्या हाताऐवजी स्वच्छ पिशवीत तो उचलावा, पिशवीवर क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत यावा. घरी वजन करून तेही नोंदवावे. दगड पाण्याने धुऊ नये.

मान्यतेचे काम मिटिऑरिटिकल सोसायटीची नामकरण समिती करते. अशनीचा अभ्यास करणारा संशोधक आधी गाठावा लागतो, आणि ओळख पटवण्यासाठी पोस्टाने आलेले दगड तपासणे बहुतेक विद्यापीठांना शक्य नसते, म्हणून घासलेल्या खिडकीची स्पष्ट छायाचित्रे आणि आपली नोंदवही यांच्यासह आधी पत्र पाठवावे. संशोधक पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक विश्लेषणाने वर्ग ठरवतो. नमुन्याच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल तेवढे मान्यताप्राप्त संग्रहालयात कायमचे ठेवावे लागते. गोल्ड बेसिन या नावाला मान्यता केव्हाच मिळालेली आहे, त्यामुळे आपले तुकडे त्याच वर्षावातले आहेत एवढेच तज्ज्ञाकडून ठरवून घ्यायचे आहे. मात्र त्याच परिसरात एखादा वेगळ्या जातीचा अशनी मिसळलेला असू शकतो, म्हणून सगळे तुकडे एकाच डब्यात एकत्र ओतू नयेत.

सहारातून आलेल्या अशनींची अवस्था पाहिली म्हणजे या नोंदींचे मोल कळते. मोरोक्को आणि आसपासच्या बाजारांत हातोहात विकले गेलेले दहा हजारांहून अधिक अशनी आज ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि पुढे एक क्रमांक, एवढ्याच नावाने ओळखले जातात. त्यांत चंद्रावरचे आहेत, मंगळावरचे आहेत, परंतु ते कोणत्या देशात, कोणत्या मैदानावर, कोणाच्या शेजारी पडले होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. ही हानी भरून येण्यासारखी नाही, आणि ती टाळायला एक पेन्सिल व दोन मिनिटे पुरली असती, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : टूसॉनहून आणलेला, अ‍ॅरिझोनातच सापडणाऱ्या ‘कॅन्यन डायब्लो’ नावाच्या लोह-अशनीचा तुकडा मुंबईत पावसाळ्यात गंजू लागला आहे. उपाय सांगावा. (मुलुंड)

उत्तर : कोकणपट्टीच्या दमट हवेत हे होणारच. मऊ पितळी ब्रशने सुटा गंज काढावा, तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवावा, मग मंद उष्णतेवर पूर्ण सुकवून त्यावर यंत्राला लावतात तशा पातळ तेलाचा अगदी हलका हात फिरवावा. त्यानंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह तो ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. हाताळताना सुती हातमोजे घालावेत, कारण घामातले मीठ लोखंडाला पाण्याहून अधिक बाधते. तुकड्याबरोबर आलेले विक्रेत्याचे माहितीपत्र त्या तेलकट डब्यात न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवावे आणि दोन्हींवर एकच क्रमांक घालावा.